सादिलवार



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला गुंफली जाते त्यांचे नाव माझ्या पाठीमागील फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. ते मी उच्चारणार नाही. कारण सभेत आपले नाव कोणी घेतले की गुरुजी उठून मागच्या दाराने निघून जात, हे समोर बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. या व्यासपीठावर आजवर जे वक्ते येऊन गेले त्यांपैकी कोणी गुरुजींचे सहकारी होते, कोणी त्यांच्या हाताखाली धुळाक्षरे गिरवलेले होते. मी त्यांपैकी कोणीही नव्हे. मी शिक्षण विभागात विस्तार अधिकारी होतो, गुरुजींची द्विशिक्षकी शाळा माझ्या बीटात, म्हणजे तपासणीच्या हद्दीत, होती, आणि त्यांच्या मागणीपत्रावर लाल शाई फिरवण्याचे काम सरकारने ज्याच्याकडे सोपवले होते तो मनुष्य मी आहे. निमंत्रण देताना मालेच्या चिटणिसांना हे ठाऊक होते की नव्हते, हे मी अद्यापि त्यांना विचारलेले नाही.

पत्रिकेवर आजचा विषय ‘शैक्षणिक खर्चातील कपात आणि वर्गातील अध्यापन’ असा भारदस्त शब्दांत छापला आहे. माझ्या मनात त्यासाठी एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे सादिलवार. तरुण मंडळींच्या कानांना तो कदाचित अपरिचित वाटेल. दफ्तरी मराठीतील हा जुना, फारसी वळणाचा शब्द. कचेरीचा कागद, दौत, दिवाबत्ती असा जो खर्च रोजचा आहे, पण ज्याला स्वतंत्र नाव मिळावे इतकी प्रतिष्ठा नाही, त्याला सादिलवार म्हणत. राज्ये बदलली, दफ्तरांच्या भाषा बदलल्या, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘सादिल आली का हो?’ हा प्रश्न मात्र आजही विचारला जातो. या सादिलीत काय काय येते? खडू येतो, डस्टर येते, हजेरीपत्रक येते, केरसुणी येते, घंटेची दोरी येते, फळ्याचा काळा रंग येतो, फुटलेले कौल येते, आणि आता तर विजेचे बिलही येते. शाळा नावाची जी काही वस्तू मुलाच्या डोळ्यांस दिसते, हातास लागते, ती बहुतांशी सादिलवारच असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. खर्चात काटकसर करावयाची असे जेव्हा वर ठरते तेव्हा ते कोटींच्या भाषेत ठरते. मग ती काटकसर जिल्ह्यास येते, जिल्ह्याहून तालुक्यास, तालुक्याहून शाळांच्या केंद्रास, केंद्राहून वाडीवरील दोन खोल्यांच्या शाळेस. आणि तेथे पोहोचेपर्यंत तिचे रूप इतके पालटलेले असते की तिला कोणी काटकसर म्हणून ओळखतही नाही. वाडीवर ती रुपयांत मोजली जात नाही. तेथे ती शिक्षकाच्या मिनिटांत मोजावी लागते. हे कसे घडते, ते मला आज सांगावयाचे आहे.

पण आधी थोडे मागे जाऊ या. कारण शाळेसाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न या प्रांतात नवा नाही, आणि त्याची उत्तरे देणारी माणसेही लहानसहान नव्हती. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात, १८६० नंतरच्या दशकात, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होऊ लागला, आणि त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे शाळेचा पहिला नियमित पैसा कोणी दिला? सरकारने? सावकाराने? तो दिला कुणब्याने, आपल्या साऱ्याबरोबर. आणि तो गेला कोठे? हाच प्रश्न जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे विचारला. पैसा रयतेचा आणि शाळा-कॉलेजे वरच्या वर्गांची, हा हिशेब त्यांनी निवेदनात इतका स्वच्छ मांडला आहे की आमच्या खात्यातील एखाद्या लेखापरीक्षकानेही त्यावर आक्षेप काढू नये. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, लोकल फंडाचा निम्मा भाग त्याकडेच लावा, आणि खेड्यातील मास्तराला १२ रुपयांहून कमी पगार देऊ नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षकाचा पगार आणि मुलाचे शिक्षण यांची सांगड त्यांनी त्या काळी घातली होती; आम्ही ती पुढे सोडवली, त्याकडे मी येणारच आहे.

त्यानंतर नामदार गोखले. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधाची कारणे पुष्कळ होती, पण त्या साऱ्यांच्या तळाशी खर्चाची गोष्ट होती. इकडे कोल्हापुरात मात्र एका संस्थानिकाने १९१७ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून दाखवले. साम्राज्याच्या तिजोरीला जे पेलवत नव्हते ते एका संस्थानाच्या तिजोरीला पेलवले, हे कसे? तिजोरी लहान होती. शाहू महाराजांच्या यादीत शाळा पहिली होती.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षणखाते आपल्या मंत्र्यांकडे आले, पण त्यांच्या हाती भरवशाचे मोठे उत्पन्न असे जे होते ते मुख्यतः अबकारीचे, म्हणजे दारूचे. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि दारूबंदीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा महात्माजींसमोर पेच पडला: दारू बंद केली तर शाळा चालणार कशा? वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी मांडलेल्या स्वावलंबी शिक्षणाच्या कल्पनेमागे हा पेचही होता. टकळीवर सूत कातणारे मूल आपल्याला आठवते. त्या टकळीच्या मागे अंदाजपत्रकातील एक भगदाड होते, हे आठवत नाही.

इतिहास येथेच थांबवतो. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या, १९४७ च्या कायद्याने स्कूल बोर्डांची घडी बदलली, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा त्या शाळा परिषदांच्या हवाली झाल्या. नाव जिल्ह्याचे, पैसा मात्र जिल्ह्याचा नव्हे. अमेरिकेत शाळांचा जिल्हा म्हणून एक स्वतंत्र संस्था असते, ती घरादारांवर कर बसवते आणि त्यातून पुष्कळसा खर्च भागवते. म्हणून तेथे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. शिकागो शहराने २०१३ साली एका झटक्यात सुमारे ५० शाळा बंद केल्या, तेव्हा कारणे दिली होती ती तूट आणि घटलेला पट. कारणे ओळखीची वाटतात ना? आपल्याकडे परिषदेचा स्वतःचा सेस फंड असतो, पण त्यात फार तर बाके येतात, रंगरंगोटी होते. शिक्षकांचा पगार राज्य देते, आणि समग्र शिक्षेसारख्या योजनांचा पैसा केंद्र व राज्य ६० आणि ४० या प्रमाणात देतात. या योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये ठरलेले आहे. भागाकार करून पाहा: दिवसाला २७ रुपये. त्यातही दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखावयाचा. सत्तावीस रुपयांत खडू, केरसुणी, विजेचे बिल आणि ज्ञानदान!

बरे, हे २७ रुपये तरी वेळेवर येतात का? शाळा सुरू होते जूनमध्ये. पैसा बहुधा येतो मार्चमध्ये. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला की ३१ तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे, नाही तर तो व्यपगत होतो. हा ‘व्यपगत’ शब्द मला नेहमी एखाद्या श्राद्धाच्या संकल्पातला वाटत आला आहे. मग मार्च अखेरीस तालुक्याच्या स्टेशनरी दुकानापुढे मुख्याध्यापकांची जी रांग लागते ती पाहून परक्या माणसास वाटावे, काय हा विद्येचा उत्सव! जून ते मार्च काय होते? गुरुजी आपल्या खिशातून खडू आणतात. पोषण आहाराच्या खिचडीला लागणारे तेल, भाजी, सरपण आधी स्वतः आणतात आणि बिलाची वाट पाहतात. मी ज्या शाळा तपासल्या त्यांतील जवळजवळ प्रत्येक शाळेचा मुख्याध्यापक सरकारचा सावकार होता, तोही बिनव्याजी.

कपात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कात्री येते. माझ्या नोकरीच्या अनुभवाने सांगतो, कात्री क्वचितच लागते. आकडा जेथे आहे तेथे राहू दिला की पुरते. बाकीचे काम महागाई करते. दुर्बल घटकांतील मुलींची शाळेतील गळती थांबावी म्हणून आपल्या सरकारने १९९२ साली पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. भत्ता किती? दिवसाला एक रुपया. हेतू उदात्त होता, आणि त्या काळी त्या रुपयास थोडीबहुत किंमतही होती. पाटीवरची पेन्सिल येई आणि वर एखादी गोळी येई. पुढे वेतन आयोग आले, आमदारांची मानधने वाढली, माझाही महागाई भत्ता सहा सहा महिन्यांनी वाढत राहिला. मुलीचा रुपया रुपयाच राहिला. शाळेचे दिवस २२० धरले तर वर्षाचे २२० रुपये. या भत्त्यात कोणी कपात केली? कोणीही नाही. कोणत्याही फायलीवर कोणाचीही सही तुम्हांस सापडणार नाही.

आता मी वर्गात येतो. येथे मी थोडा रेंगाळणार आहे. अध्यक्षांनी घंटा वाजवू नये अशी विनंती आहे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षातून २०० दिवस, ८०० तास अध्यापन, असे लिहिलेले आहे. म्हणजे दिवसाचे चार तास. आता पहिली ते चौथीची शाळा घ्या. चार इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. प्रत्येक इयत्तेला चार तास द्यावयाचे तर सोळा तास लागतात. दोन शिक्षकांकडे मिळून तास आठच. म्हणजे सर्व काही सुरळीत असता, दोन्ही शिक्षक हजर असता, एकाही साहेबाची भेट नसता, एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षक येतो दोन तास. उरलेले दोन तास काय? ‘तुम्ही पाढे लिहा रे.’ या वाक्यावर महाराष्ट्राचे अर्धे प्राथमिक शिक्षण चालले आहे, असे मी म्हणतो तेव्हा सभागृहातील शिक्षक हसत आहेत, पण नाही म्हणत नाहीत.

आता यांतील एक शिक्षक उठवा. कशासाठी? मतदारयादीसाठी, तो मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असतो आणि ते काम आता बारमाही झाले आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही तीन कामे शिक्षकाला देण्यास कायद्यानेच मुभा ठेवली आहे. त्याखेरीज प्रशिक्षण, केंद्राची सभा, तालुक्याला टपाल, ऑनलाइन माहिती, आणि खिचडी शिजली की ती चाखून चव नोंदवहीत नोंद. दुसरा शिक्षक उठला की चार इयत्तांना एक मनुष्य उरला. चार तास, चार इयत्ता: प्रत्येकीला एक तास. त्या एका तासात मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर. एका विषयाला पंधरा मिनिटे. पंधरा मिनिटांत काय होते? हातच्याची वजाबाकी फळ्यावर मांडून होते; पण तिसऱ्या बाकावरील ज्या पोराला दहाकडून घेतलेला एक कोठे गेला हे कळलेले नाही, त्याच्यापर्यंत चालत जाण्यास वेळ उरत नाही. तो एक त्याच्या आयुष्यात कधीच परत येत नाही. पाचवीत जाऊन त्याला वजाबाकी येत नाही म्हणून एखादी पाहणी निघते, वर्तमानपत्रांत मथळे येतात, आणि गुणवत्तेच्या नावाने आणखी एक प्रशिक्षण जाहीर होते. त्या प्रशिक्षणाला कोण जातो? तोच दुसरा शिक्षक.

दुसरी जागा रिकामी असेल तर हे चित्र एखाददुसऱ्या दिवसाचे राहत नाही, बारा महिन्यांचे होते. रिक्त जागा मंजूर जागांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्या राज्यात २०१२ पासून शिक्षकभरती थांबली. कारण अगदीच खोटे नव्हते. २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले इतकी निघाली की सरकारने संस्थांवरचा विश्वास गमावला तर नवल नव्हते. पण चोरी झाली कोठे आणि शिक्षा झाली कोणाला? पुढे २०१७ मध्ये अभियोग्यता परीक्षा झाली, भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, नेमणुका व्हावयास २०१९ उजाडले. मधल्या वर्षांत जे मूल पहिलीत बसले ते प्राथमिक शाळा संपवून बाहेरही पडले. ज्याला वित्त विभाग ‘पदभरतीवरील निर्बंध’ म्हणतो ते त्याच्या दृष्टीने त्याचे संपूर्ण बालपण होते.

यामागचे कारण एवढेच की पगार हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग. तो दिल्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून वाचवावयाचे ते दोनच जागी: माणूस नेमू नये, किंवा नेमलाच तर स्वस्तात नेमावा. या दुसऱ्या युक्तीचा इतिहास शब्दांचा इतिहास आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी तो लिहावयास हवा.

२००० साली ‘शिक्षणसेवक’ हा शब्द निघाला. प्राथमिक शाळेत नव्याने लागणाऱ्यास तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन. लक्षात घ्या, वेतन नव्हे, मानधन. शिक्षक नव्हे, सेवक. ही ३,००० ची रक्कम पुढे ६,००० झाली, आणि २०२३ साली १६,००० झाली. काम मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण शिक्षकाचे. माझ्या बीटातील एक शिक्षणसेवक सकाळी शाळा आणि रात्री पेट्रोलपंप असे करी. त्याला वर्गात डुलकी लागली म्हणून मी त्याच्या नावे शेरा मारला होता. तो शेरा नियमानुसार होता.

दुसरा शब्द ‘कायम’. २००१ साली शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानग्या मिळू लागल्या. २००९ साली त्यांतला ‘कायम’ हा शब्द वगळला गेला. एक शब्द घालण्यास आणि तोच काढण्यास आठ वर्षे! त्या आठ वर्षांत आणि त्यानंतर अनुदानाचे टप्पे मिळेपर्यंत कित्येक शिक्षकांनी पगारावाचून शिकवले, त्यांची लग्ने अडली, काहींची निवृत्तीही जवळ आली. मराठी भाषेत क्रियाविशेषणाची इतकी किंमत दुसऱ्या कोणी मोजलेली मला ठाऊक नाही.

तिसरा शब्द ‘कंत्राटी’. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, निवृत्त किंवा बेरोजगार अर्हताधारक, दरमहा १५,००० रुपयांवर नेमावा, असा शासन निर्णय निघाला. तारीख होती ५ सप्टेंबर २०२४. शिक्षकदिन! मला वाटते हा केवळ योगायोग असावा. तारखेकडे पाहून कोणी हसण्याइतका वेळ मंत्रालयात नसतो. शिक्षकांनी सामुदायिक रजा टाकून निषेध केला, पुढे काही महिन्यांनी तो निर्णय मागे घेतला गेला, हे सरकारच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

आता मी अशा प्रश्नाकडे येतो की जेथे माझे मन आजही पुरते एका बाजूस झुकत नाही. तो म्हणजे कमी पटाच्या शाळांचा. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत पाठवण्याचे ठरले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ कराव्यात असे प्रस्ताव मागवले गेले, त्यासाठी पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणे दिली गेली. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक भरल्या. याच सुमारास उद्योगसमूहांनी आणि संस्थांनी शाळा दत्तक घ्याव्यात अशीही योजना आली.

माझे एक मित्र लेखाधिकारी होते. ते म्हणत, ‘चार मुलांवर दोन पगार! तुमच्या वाडीवरील एका पोराचा खर्च शहरातील इंग्रजी शाळेच्या फीपेक्षा अधिक पडतो. त्यापेक्षा त्याला गाडी लावून द्या आणि मोठ्या शाळेत घाला.’ हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वाशीम जिल्ह्यातील गणेशपूरची एका विद्यार्थ्याची शाळा वर्तमानपत्रांत गाजली; एक मूल, एक गुरुजी, राष्ट्रगीतालाही दोघेच. त्या मुलाला शिक्षक पुरेपूर मिळाला, पण सोबती मिळाला नाही. कबड्डीला सात गडी लागतात. शाळेत मूल मुलांकडून जे शिकते ते कोणता शिक्षक शिकवील? समूह शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक असेल, माझी पंधरा मिनिटे तेथे चार तास होतील, हे मला दिसते आहे. आणि जेथे वसतिगृह आहे, खरोखरीच गाडी आहे, तेथे असा प्रयोग करण्यास माझी हरकत नाही.

पण मी वाड्या पाहिल्या आहेत. प्राथमिक शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत असावी हे कायद्याचे अंतर, आणि ओढ्याला पाणी आले म्हणजेचे अंतर, ही दोन अंतरे आहेत. गाडीच्या भाड्याची तरतूद होते, आणि तीही सादिलीप्रमाणेच मार्चमध्ये येते. तोवर सहा वर्षांची मुलगी चालत नाही, ती घरी बसते. मुलगा चुलत्याच्या मोटारसायकलवर जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना पोर मागे ठेवावयाचे तर वाडीवर आजी आणि शाळा या दोनच गोष्टी असतात. त्यांतील एक काढून घेतली म्हणजे पोर कोयत्याबरोबर जाते. ‘शाळा बंद झाली’ ही नोंद होते. ‘मूल गेले’ ही नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? शाळांची माहिती भरावयाच्या यू-डायसच्या तक्त्यात मी तो रकाना पुष्कळ शोधला.

आणि पट घटला तो का, हेही विचारा. मुले कमी जन्मतात हे खरे. गावे रिकामी होतात हेही खरे. पण २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून त्याच रस्त्यावर इंग्रजी शाळेला परवानगी देणारे सरकार कोणते, आणि मग इकडे पट नाही म्हणून शिक्षक काढणारे सरकार कोणते? शिक्षक काढला की एकच उरतो, एकच उरला की पालक बिथरतो, पालक बिथरला की पट आणखी उतरतो, आणि उतरलेला पट पुढील संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवताना, आणखी एक पद खातो. २०२४ च्या नव्या निकषांत तर सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुले असली की शिक्षकपदे शून्य. शून्य शिक्षकांनी आठवी कशी शिकवावी, याचे मात्र परिपत्रक माझ्या पाहण्यात आलेले नाही.

लोकवर्गणीविषयी दोन शब्द बोलून मी आवरते घेतो. आमच्या खात्यात तिला ‘समाजसहभाग’ म्हणतात. ज्या गावाने शाळेला रंग दिला, पडदा दिला, संगणक दिले, त्या गावापुढे मी हात जोडतो. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, त्या परंपरेतलेच हे देणे आहे. पण ती वर्गणी बागायती गावात निघते. धनगराच्या वाड्यावर, पारध्यांच्या पालावर, कातकऱ्यांच्या वस्तीवर कोणाकडून पावती फाडावयाची? सरकारने एक रुपया मागे घ्यावा आणि तो लोकांनी भरावा, असे ठरले की जेथे शाळेची गरज सर्वांत अधिक तेथेच रुपया कमी पडणार. जोतीरावांच्या हिशेबात रयत पैसे भरत होती आणि शाळा दुसऱ्यांना मिळत होती. आता रयतेने साऱ्यावर उपकर भरावयाचा, खरेदीवर कर भरावयाचा, आणि शाळेसाठी पुन्हा वर्गणीही द्यावयाची.

कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणास द्यावेत असे सांगितले. १९६८ च्या, १९८६ च्या आणि २०२० च्या, तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी तो आकडा पुन्हा आदराने उच्चारला. तो अद्याप गाठलेला नाही. त्यावर अधिक बोलण्याजोगे मला काही दिसत नाही.

आता गुरुजींकडे. त्यांच्या शाळेला मी पहिली वार्षिक भेट दिली तेव्हा त्यांनी मागणीपत्र पुढे केले. खडू चार पेट्या, घंटेची दोरी, दोन फळ्यांना रंग. फळे इतके पांढरट झाले होते की खडूचे अक्षर तिसऱ्या रांगेतून दिसत नसे, हे त्यांनी मला मागे नेऊन, मुलाच्या जागी बसवून दाखवले. मी खडू मंजूर केला, दोरी मंजूर केली, आणि रंगापुढे लाल शाईने लिहिले, ‘पुढील वर्षी पाहावे.’ तरतूद नव्हती, हे खरे होते. पुढील वर्षी मी तेच लिहिले. त्याच्या पुढील वर्षीही तेच लिहिले. त्यानंतर माझे बीट बदलले. गुरुजी निवृत्त झाले, पट उतरत गेला, शाळा बंद झाली, आणि तिचे दफ्तर केंद्रशाळेच्या कपाटात जमा झाले.

निवृत्तीपूर्वी एका चौकशीच्या निमित्ताने ते कपाट मला उघडावे लागले. त्यात गुरुजींची मागणीपत्रांची फाईल होती. मी गेल्यानंतरही ते दरवर्षी मागणी करीत राहिले होते, निवृत्तीच्या वर्षापर्यंत, त्याच वळणदार अक्षरात: खडू, दोरी, दोन फळ्यांना रंग. फाईल चाळता चाळता माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली. रंगाचा डबा बाजारात दुपटीने महागला होता. गुरुजींनी रक्कम मात्र पहिल्या वर्षी लिहिली होती तीच, सात वर्षे, एका रुपयानेही वाढवली नव्हती.